कार्यक्रमपत्रिकेतले नाना

परदेशी सहलीच्या आधी आठ-पंधरा दिवस कंपनी सगळ्या प्रवाशांना एकत्र बोलावते. कोथरूडमधला एखादा एसी हॉल, मागच्या टेबलावर बटाटेवडे आणि कॉफी, पुढे पडद्यावर उंटाचं चित्र. टूर मॅनेजर म्हणजे तिशीच्या आतला, गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवलेला, सदा हसरा असा एक मुलगा. सामानाचं वजन किती चालेल, चार्जरची पिन कुठली लागेल, दिरहॅम कुठे बदलून मिळतील हे सगळं तो सांगतो आणि शेवटी विचारतो, "कुणाला काही शंका?" वड्यांकडे निघालेली माणसं जागच्या जागी थांबतात, कारण तिसऱ्या रांगेतून एक हात वर गेलेला असतो. त्या हातात पारदर्शक फोल्डर असतो आणि फोल्डरात कार्यक्रमपत्रिका.

"पान तीन. दिवस चौथा. ‘अल-करावियीन विद्यापीठास भेट’ असं छापलंय. ही भेट आतून का बाहेरून?"

हे नाना. आडनाव कुठलंही घ्या, पेठ किंवा उपनगर कुठलंही घ्या. मराठी माणसांची बस जगात कुठेही निघाली तरी तिच्यात एक नाना असतातच. क्वचित दोन असतात, पण मग ती सहल राहत नाही, सुनावणी होते. मी ज्यांच्यासोबत मोरोक्को पाहिला ते नाना एका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी संपली, तपासणी संपली नाही.

नानांना प्रवासाचं वेड आहे असा लोकांचा समज असतो. तसं काही नाही. नानांना करार पाळला जाण्याचं वेड आहे. त्यांनी पैसे भरले, कंपनीनं छापील कागद दिला. आता त्या कागदावरचं जग कंपनी त्यांना देणं लागते. फोल्डरातल्या पत्रिकेवर प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला पेन्सिलीनं एक छोटा चौकोन काढलेला असतो. ठिकाण नीट दाखवलं की चौकोनात पूर्ण टिक. बसमधून किंवा बाहेरून दाखवलं तर अर्धी. राहून गेलं तर लाल गोल आणि शेजारी वेळ. टूर मॅनेजरला त्या लाल पेनची भीती वाटते. कंपनीच्या ऑफिसात ‘रिपीटर गेस्ट’ची जी यादी असते, तिच्यात नानांच्या नावापुढे काय खूण असते हे मला कळलेलं नाही, पण खूण असणारच.

हा माणूस आकाशातून पडलेला नाही. त्याच्या वडिलांच्या पिढीचा प्रवास काशी-रामेश्वरला संपायचा आणि परदेश ‘अपूर्वाई’ वाचून व्हायचा. १९८४मध्ये केसरी पाटलांनी कंपनी काढली, तिच्याआधी आणि नंतरही अनेकांनी काढल्या, २०१३मध्ये वीणा पाटलांची वीणा वर्ल्ड आली आणि या सगळ्यांच्या कृपेनं मराठी मध्यमवर्ग पुरणपोळी खात खात आल्प्स चढला. यातही एक ठरलेला क्रम आहे. आधी सिंगापूर-मलेशिया, मग युरोप, मग अमेरिका (ती मुलाकडे, म्हणून सहलीत धरत नाहीत), मग मीना प्रभूंचं ‘इजिप्तायन’ वाचलेलं असतं म्हणून इजिप्त. हे सगळं झाल्यावर कॅलेंडरात मोकळा आठवडा आणि बँकेत मोकळी एफडी उरली की मोरोक्को. त्यामुळे मोरोक्कोच्या बसमध्ये नवखं कुणी नसतं. सगळे मुरलेले. सीट रोटेशन कसं असतं, सकाळचं ६-७-८ म्हणजे उठणं, नाश्ता, बॅगा हे कुणाला सांगावं लागत नाही. अशा तयार गड्यांतही जो उठून दिसतो, तो नाना.

मुंबईहून आखाती विमानतळमार्गे आम्ही कॅसाब्लांकाला उतरलो आणि पहिली टिक पहिल्याच तासात अडली. पत्रिकेत लिहिलं होतं, ‘जगप्रसिद्ध कॅसाब्लांका चित्रपटाचं शहर’. नानांनी स्थानिक गाईडला शांतपणे विचारलं, "चित्रीकरण नक्की कुठल्या भागात झालं?" गाईड प्रामाणिक निघाला. म्हणाला, १९४२चा तो सिनेमा सगळा कॅलिफोर्नियात, बहुतेक स्टुडिओतच झाला. इथे जो ‘रिक्स कॅफे’ आहे तो सिनेमा पाहून २००४मध्ये एका माजी अमेरिकन राजनैतिक अधिकारी बाईंनी थाटला. नाना टूर मॅनेजरकडे वळून म्हणाले, "म्हणजे सिनेमा या शहराचा नाही, शहर त्या सिनेमाचं आहे. वाक्य दुरुस्त करून घ्या. पुढच्या बॅचला तरी."

हसन द्वितीय मशीद मात्र त्यांनी पुरी पाहिली. अटलांटिकच्या अगदी कडेला, काही भाग समुद्रावरच, १९९३मध्ये पूर्ण झालेली; मिनार २१० मीटर, आत २५ हजार माणसं मावतात, छत सरकतं. मोरोक्कोत मुस्लिमेतरांना आत नेतात अशा मोजक्या मशिदींपैकी ही एक, त्यामुळे पूर्ण टिक. गाईडनं ‘जगातला सर्वात उंच मिनार’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि नाना म्हणाले, "होता. आता अल्जिअर्सचा २६५ मीटरचा झालाय." शेजारच्या देशाचं नाव ऐकून गाईडचा चेहरा जो उतरला तो दुपारच्या जेवणापर्यंत वर आला नाही. मोरोक्को आणि अल्जीरिया या दोन देशांची सरहद्द १९९४पासून बंद आहे. नानांना हेही माहीत होतं, पण ते त्यांनी वाळवंटासाठी राखून ठेवलं होतं.

शेफशावनला निळ्या भिंती. सगळं गाव निळं: पायऱ्या निळ्या, दारं निळी, एका घरासमोरची कुंडीही निळी. फोटो काढता काढता बायकांचे फोन तापले. निळं का, याची गाईडनं तीन कारणं सांगितली: ज्यू निर्वासितांची श्रद्धा, डासांचा बंदोबस्त आणि पर्यटकांची आवड. नाना म्हणाले, "यातलं एक सांगा." गाईड म्हणाला, "सर, तिन्ही." नानांच्या वहीत त्या ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे. व्होल्युबिलिसचे रोमन अवशेष, मोडक्या खांबांवर घरटी केलेले करकोचे आणि मेक्नेसचा दरवाजा ही सगळी अर्ध्या दिवसाची कामं. टिक, टिक, अर्धी टिक.

खरी गंमत फेजला.

फेजचं जुनं शहर म्हणजे गल्ल्यांचं जाळं. मोटारीला मज्जाव, मालवाहतूक गाढवं आणि खेचरांवर. मागून ‘बालाक, बालाक’ अशी हाक आली की भिंतीला चिकटायचं, नाहीतर पाठीवर कातड्यांचा भारा घासून जातो. १९८१मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारशात घेतलं. इथे प्रत्येक पुणेकराच्या ओठावर पेठांची तुलना येते, शिवाय शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात. (१ ते ४चा विनोद या जागी अपेक्षित आहे. तो वाचकांनी आपापल्या सोयीनं करून घ्यावा.) नानांनी तुलना केली नाही. ते दारावरच्या पाट्या मोजत होते, कारण पत्रिकेत करावियीन होतं.

फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं ८५९ साली ही मशीद उभारली, तिच्याभोवती विद्यापीठ वाढलं आणि अखंड चालत आलेलं जगातलं सर्वात जुनं विद्यापीठ म्हणून त्याचं नाव घेतात. गाईडनं हे सांगितलं तेव्हा फर्ग्युसनचे माजी विद्यार्थी असलेले नाना क्षणभर गप्प झाले. फर्ग्युसन १८८५चं. हजार वर्षांचा फरक असला की पुणेकरालाही आवंढा गिळावा लागतो. तेवढ्यात काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, म्हणाल्या, "बाईनं काढलंय ना, म्हणून टिकलं." काकू हुजूरपागेच्या. हुजूरपागा १८८४ची, फर्ग्युसनच्या आधीची, आणि हा एका वर्षाचा हिशेब त्या घरात गेली चाळीसेक वर्षं चुकता होत आलेला आहे.

आता आत जायचं म्हणून नानांनी बुटाची नाडी सोडायला घेतली. गाईड म्हणाला, मुस्लिमेतरांना आत जाता येत नाही, दारातून बघा. दारातून पांढरं-हिरवं अंगण दिसतं, कारंजं दिसतं, त्यापलीकडे कमानी. बाकीच्या सदतीस माणसांनी मान आत घालून "वा!" म्हटलं. नाना उभे राहिले. फोल्डर उघडला. बोट ठेवलं.

"भेट लिहिलंय."

"काका, बाहेरून भेट," टूर मॅनेजर म्हणाला.

"बाहेरून जे होतं त्याला दर्शन म्हणतात. तुमच्याच पत्रिकेत पान पाचवर कुतुबिया मशिदीला ‘बाहेरून दर्शन’ लिहिलंय. म्हणजे फरक तुम्हाला माहीत आहे."

त्या मुलाला उत्तर सुचलं नाही. त्याचं काही चुकलंही नव्हतं. पत्रिका छापणारी माणसं पुण्यात एसीत बसलेली असतात आणि त्यांच्या क्रियापदांची शिक्षा हा फेजच्या गल्लीत भोगत असतो. गाईडला मराठी येत नव्हतं पण भांडण कळत होतं. त्यानं सुचवलं, इथून चालत थोड्या अंतरावर बू इनानिया मदरसा आहे, तिथे सर्वांना आत सोडतात. नाना म्हणाले, "तो पत्रिकेत आहेच, वेगळा. त्याचे गुण याला देता येणार नाहीत." आणि अर्धी टिक केली.

पण बू इनानियाच्या अंगणात जे घडलं ते त्या सहलीतलं सर्वात चांगलं व्याख्यान होतं, आणि ते गाईडचं नव्हतं. देवदाराचं कोरीवकाम, चुन्यातली जाळी, खाली टाइल्सची नक्षी, आणि मधोमध नाना. हा मदरसा बांधणारा सुलतान अबू इनान. त्याच्याच हुकमावरून इब्न बतूतानं आपला प्रवास सांगितला आणि दरबारी लेखकानं तो लिहून घेतला. १३५५मध्ये ग्रंथ पुरा झाला. इब्न बतूता टॅंजिअरचा. १३२५मध्ये, एकविसाव्या वर्षी घर सोडून निघाला तो मक्केपर्यंत म्हणून, आणि फिरत फिरत दिल्लीला येऊन मुहम्मद तुघलकाचा काझी झाला. तिथवर गाईडलाही ठाऊक होतं. तो मान हलवत होता. नाना पुढे गेले. "दिल्लीहून चीनला निघाला तेव्हा वाटेत दौलताबादला आला. आपल्या दौलताबादला. तिथून नंदुरबारला. नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल लिहून ठेवलंय त्यानं, कारागीर आहेत, वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. आणि यांचं खाणं म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचं तेल."

गाईडनं वही काढली. "नांदूर...?"

"नंदुरबार," नाना म्हणाले आणि त्याच्या वहीत देवनागरीत लिहून दिलं, ज्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. भारत इतिहास संशोधक मंडळातल्या व्याख्यानांना आयुष्यभर पुढच्या रांगेत बसल्याचं त्या दिवशी चीज झालं. आमच्यातला एक जण जळगावचा होता, तो म्हणाला, "नंदुरबारचा माणूस इथे यायला हवा होता." नाना म्हणाले, "तो बतूता कंपनीशिवाय हिंडत होता, म्हणून नंदुरबारला जाऊ शकला. आपल्या पत्रिकेत टॅंजिअरसुद्धा नाही." आणि टूर मॅनेजरकडे पाहिलं.

हा इब्न बतूता त्याच रात्री हॉटेलात कामाला आला. जेवणात कुसकुस होतं, सात भाज्यांचं. शाकाहारी माणसानं मोरोक्कोत याच्यासारखं दुसरं काही मागू नये इतकं चांगलं. शिवाय झालूक, म्हणजे भाजलेल्या वांग्याचं भरीत म्हणा ना. पण बसमधली मंडळी चौथ्या रात्री भातावर आली होती. प्रत्येकाच्या बॅगेत मेतकूट होतं, त्याखाली घालायला काही नव्हतं. वाढपी म्हणाला, भात आज नाही. टूर मॅनेजर म्हणाला, उद्या सांगतो. नाना उठले आणि डायनिंग हॉलच्या मॅनेजरकडे गेले. त्यांचं इंग्रजी बँकेच्या पत्रव्यवहाराचं आहे, त्यात विनंतीसुद्धा संदर्भ क्रमांक दिल्यासारखी होते. त्यांनी त्या गृहस्थाला अबू इनानपासून सुरुवात करून सांगितलं, की तुमच्याच माणसानं, तुमच्याच राजाच्या आज्ञेवरून लिहिलेल्या तुमच्याच ग्रंथात नमूद आहे, आमचे लोक भात खातात. सहाशे सत्तर वर्षं झाली. आता आपण आज काय करता?

तो गृहस्थ हसला नाही. त्यानं छातीवर उजवा हात ठेवला, आत गेला आणि वीस-पंचवीस मिनिटांनी लोणी घातलेल्या भाताचं मोठं घमेलं बाहेर आलं. थोडा कच्चा होता. कुणी तक्रार केली नाही. नानांनी स्वतः एक चमचा घेतला. त्यांना कुसकुस आवडलं होतं.

फेजमधला दुसरा प्रसंग गालिच्याच्या दुकानातला. आधी चामड्याच्या कुंडांवरच्या गच्चीत नेतात, हातात पुदिन्याची काडी देतात. कबुतराची विष्ठा आणि चुन्याच्या पाण्याचा वास नाकात बसला की ती काडी कशाला दिली ते कळतं. तिथून पाय आपोआप दुकानात. दुकानांचा हा थांबा पत्रिकेत कधीच नसतो. नानांनी तशी नोंद केली आणि मग आत जाऊन पहिल्या बाकावर बसले, कारण चहा फुकट होता. चिनी हिरवा चहा, मूठभर पुदिना आणि त्याहून जास्त साखर. हातभर उंचीवरून पेल्यात ओततात, वर फेस येतो. दुकानदारानं वीसेक गालिचे एकामागून एक उलगडले. नानांनी प्रत्येकाची किंमत, गाठी आणि रंग नैसर्गिक की रासायनिक हे विचारलं. तीन पेले चहा झाला. दुकानदाराला वाटलं, हा माणूस घेणार. तुळशीबागेत लहानाचा मोठा झालेला माणूस काही न घेता किती वेळ भाव करू शकतो, याची त्याला कल्पना नव्हती. शेवटी नानांनी एका लहान गालिच्याचा भाव निम्म्यावर आणला आणि जळगावकरांना म्हणाले, "आता घ्या तुम्ही." स्वतः हात झटकून उठले. त्या भावात बसमधल्या आणखी पाच-सहा जणांनी घेतले. दुकानदारानं जाताना नानांच्या खांद्यावर हात टाकला. दोघं एकाच जातीचे आहेत हे त्यानं ओळखलं असावं.

पुढे मध्य अ‍ॅटलास. अझरूजवळच्या देवदारांत बार्बरी माकडं असतात, शेपूट नसलेली. नाना म्हणाले, टिक. त्यानंतर झिझ नदीकाठची खजुराची रानं, एरफूदचे जीवाश्म (कोट्यवधी वर्षांपूर्वीचे शंखप्राणी दगडात अडकलेले, आणि त्या दगडाची वॉश-बेसिनं करून विकायला ठेवलेली) आणि मग मर्झूगा.

वाळवंटाच्या बाबतीत नानांचं म्हणणं असं, की लोक फसतात. सहाराचा बराच मोठा भाग दगडगोट्यांचा आहे. वाळूचा हिस्सा साधारण पाव. मर्झूगाची एर्ग शेबी ही वाळूची एक पट्टी, टेकड्या फार तर दीडशे मीटर. तिच्या पलीकडे अल्जीरिया आणि ती १९९४पासून बंद असलेली सरहद्द. "म्हणजे आपल्याला सहाराच्या ओट्यावर आणलंय. घरात नाही." हे ते उंटावर बसण्याच्या रांगेत सांगत होते. पत्रिकेत ‘उंटावरून रपेट, सुमारे ४५ मिनिटे’ होतं, म्हणून मनगटावरचं घड्याळ बाहीच्या वर काढून ठेवलेलं. उंट मागचे पाय आधी उचलतो, त्यामुळे स्वार पुढे झुकतो. मागे रेलून बसायचं असतं. नानांनी हे सर्वांना नीट समजावलं आणि समजावत असतानाच त्यांचा उंट उठला.

कुणाला लागलं नाही. टोपी वाळूत पडली, फोल्डर मात्र काखेतून हलला नाही.

काकूंचं सांगायचं राहिलं. नाना पत्रिका बघत असतात तेव्हा काकू मोरोक्को बघत असतात. वाळवंटातल्या त्या मुक्कामी पहाटे त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथल्या बाईकडून म्समेन करायला शिकल्या. कणीक तेलात थापून कागदासारखी पातळ करायची, चारी बाजूंनी आत घडी घालायची, चौकोन तव्यावर टाकायचा. काकू मराठीत बोलत होत्या, ती बाई तिच्या अमाझिग भाषेत, आणि दोघींना एकमेकींच्या सुनांबद्दलसुद्धा कळलं. हे कुठल्याच चौकोनात नव्हतं. नाना म्हणाले, "कार्यक्रमाबाहेरचं आहे, पण चालेल."

परतीच्या रस्त्यावर बस उशिरा निघाली. कुणाची तरी बॅग मागे राहिली, कुणाचं पोट बिघडलं. दोन तास गेले. टूर मॅनेजरनं माइक घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, की तोद्रा घळ आपण हायवेवरून पाहू, आत शिरलो तर वर्झाझातला जेवायला रात्र होईल. बसमधल्या बहुतेकांनी डोळे मिटले होते, त्यांना चाललं असतं. मलाही चाललं असतं. नाना पुढे गेले.

"‘तोद्रा घळीत पायी फेरफटका’. पायी. बसमधून पायी कसं करणार?"

मागून कुणीतरी कुरकुरलं, "जाऊ द्या हो नाना, एक दगडच तर बघायचाय." नाना वळून म्हणाले, "तुमचे पैसे तुम्ही सोडा. माझी सही नाही त्याच्यावर." बस वळली.

तोद्राच्या अरुंद भागात दोन्ही बाजूंनी सुमारे तीनशे मीटरच्या उभ्या भिंती आहेत आणि मध्ये दहा-पंधरा मीटरची वाट. तळाशी घोट्याएवढं थंड पाणी. वर पाहिलं की आभाळाची एक चिंधी. सदतीस माणसं बसमधून जांभया देत उतरली आणि पाच मिनिटांत कुणी पाण्यात पाय सोडून बसलं होतं, कुणी भिंतीला हात लावून उभं होतं. ज्यांनी ‘दगड’ म्हटलं होतं ते गृहस्थ बायकोचा फोटो काढायला मागे मागे सरकत पाण्यात गेले. घरी परतल्यावर सगळ्यांच्या फोनमध्ये सर्वात जास्त फोटो त्याच जागेचे निघाले. नानांनी स्वतः एकही फोटो काढला नाही. वीस मिनिटं झाल्यावर टिक केली आणि बसमध्ये जाऊन बसले.

आइत बेनहद्दूची मातीची गढी ‘ग्लॅडिएटर’मध्ये पाहिलेली, म्हणून तिथे सगळे हौसेनं चढले. त्यानंतर तिझी न तिश्का. रस्ता २२६० मीटरवरून जातो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही सहाशे मीटर वरून. नानांनी हे माइकवर सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मग गाईड म्हणाला, इथून पश्चिमेला, माराकेशच्या नैर्ऋत्येला ८ सप्टेंबर २०२३च्या रात्री ६.८चा भूकंप झाला, जवळपास तीन हजार माणसं गेली. नानांनी फोल्डर मिटला. घरं कशाची होती, विचारलं. दगड-माती आणि मातीच्या विटा, गाईड म्हणाला, वर जड छपरं. भिंती किती जाड? त्यानं हातानं दाखवलं. रात्री किती वाजता? अकरा वाजून गेले होते. नाना म्हणाले, आमचा पहाटे झाला, चारच्या सुमारास. ३० सप्टेंबर १९९३. त्या वेळी ते लातूर जिल्ह्यातल्या शाखेत होते. किल्लारीकडच्या खातेदारांची पासबुकं ढिगाऱ्यातून निघायची, कधी फक्त पासबुकं निघायची. भिंती तशाच होत्या, तेवढ्याच जाड. मदत कुणामार्फत वाटली, घरं परत दगडाचीच बांधतायत का, भाडेकरूंना पैसे मिळाले का, असं ते घाट उतरेपर्यंत विचारत होते आणि गाईड उत्तरं देत होता. त्या पानावर टिका नाहीत, नोंदी आहेत.

माराकेशला जामा एल-फना चौकात गारुडी, ज्यूसवाले आणि ‘शाहरुख खान!’ म्हणून हाका मारणारे दुकानदार. कुतुबिया बाहेरून दर्शन, ठरल्याप्रमाणे. शेवटच्या रात्री फीडबॅक फॉर्म वाटले गेले. मुलगा नानांच्या शेजारी येऊन बसला. "काका, सगळीकडे एक्सलंट द्या ना. आमचं त्याच्यावर असतं." नाना म्हणाले, "एक्सलंट दिलं तर तू पुढे काय करणार?" आणि सगळीकडे ‘समाधानकारक’ लिहिलं, कर्मचारी या रकान्याखाली ‘चांगला मुलगा आहे, पत्रिका याच्याकडून तपासून घेत जा’ अशी एक ओळ, आणि सोबत जादा जोडपत्र. जोडपत्रात अकरा मुद्दे. पहिला अर्थातच ‘भेट’.

पुण्यात आल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये नानांचं अनुभवकथन झालं. दीड तास. लोकांना निळं गाव आणि उंट हवे होते. त्यांना अबू इनान आणि नंदुरबार मिळाले. काकूंनी म्समेन करून आणले होते ते मात्र पुरले नाहीत. महिन्याभरानं त्या कंपनीची नवी पत्रिका आली. करावियीनपुढे आता ‘बाहेरून दर्शन’ छापलंय, तोद्रापुढे ‘पायी’ ठळक अक्षरांत आहे आणि फेजच्या रात्रीच्या जेवणात भात आहे. टॅंजिअर अजून नाही. त्याचा पत्रव्यवहार चालू आहे.

नाना येत्या सप्टेंबरात उझबेकिस्तानला जातायत. समरकंद, बुखारा, खिवा. पत्रिका आली आहे, चौकोन काढून झाले आहेत. तुम्हाला कुठल्याही ग्रुपबरोबर कुठेही जायचं असेल तर बुकिंगच्या वेळी हॉटेलचे स्टार नंतर विचारा. आधी विचारा, या तारखेला कुणी नाना आहेत का. नसतील तर तारीख बदलून घ्या. फक्त सीट रोटेशनमध्ये त्यांच्या शेजारची सीट आली तर कानात घालायला कापूस जवळ असू द्या.